मजकुराची भाषा कोणी ठरवायची?

(परभणीत आपल्या लेखक-कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला निरोप असा आला होता की, तू सॉफ्टवेअरवाला आहेस, साइटचं काम तूच बघतोस, तर मजकूर कसा चढवायचा हे सगळ्यांना एकदा समजावून सांग. फोटो कसा टाकायचा, शीर्षक कुठे लिहायचं वगैरे. ते मी जेवणानंतर लॅपटॉप उघडून दाखवीन, त्याला भाषण लागत नाही. आत्ता मी फक्त एका रकान्याबद्दल बोलणार आहे. मजकूर भरायचं पान उघडलं की शीर्षक, लेखकाचं नाव, तारीख असं खाली येत जातं आणि त्यात एक बारकासा रकाना असतो : भाषा. तिथे आधीच काहीतरी निवडलेलं असतं. ते बरोबर आहे की नाही हे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. त्याची किंमत कोणी मोजली, ते आधी सांगतो.

जिंतूरच्या एक शिक्षिका आहेत. त्या आज इथे बसल्यात आणि त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो. आपा मराठीत लिहितात, लेख लिहितात आणि मधूनमधून आठ-दहा ओळींच्या कविता. पुण्यात मी ज्या एका ग्राहकाचं काम करत होतो, त्याच्या संकेतस्थळावर त्यांचं बरंच लेखन येत असे. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, कारण चूक निम्मी माझी होती. त्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन विभाग. जुनी यंत्रणा मोडकळीला आली म्हणून सगळा मजकूर नव्या यंत्रणेत न्यायचा होता. काही हजार नोंदी, आणि जुन्या नोंदींना भाषेचा रकानाच नव्हता. तो भरायचा होता. एवढ्या नोंदी बसून कोण वाचणार? मी एक प्रोग्राम लिहिला.

त्या प्रोग्रामचे तीन नियम होते. पहिला : भाषा ओळखणाऱ्या तयार साधनाला मजकूर द्यायचा, त्याची खात्री पुरेशी असेल तर त्याचं ऐकायचं. दुसरा : खात्री कमी असेल तर लेखकाच्या खात्यात जी भाषा नोंदली असेल ती लावायची. तिसरा : तेही नसेल तर संकेतस्थळाची मूळ भाषा, म्हणजे मराठी. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा. बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली, मलाही माझं कौतुक वाटलं.

दोन-अडीच महिन्यांनी आपांचा फोन आला. म्हणाल्या, "क्या रे, मेरेकू हिंदीमें कायकू डाल दिया?"

वर्षाअखेरीला निवडक मराठी कवितांचं एक संकलन निघायचं होतं. संपादकांनी मराठी विभागाची यादी काढली, त्यातून निवड केली. आपांच्या चारही कविता त्या यादीत नव्हत्याच. त्या नाकारल्या गेल्या असत्या तर आपांना वाईट वाटलं नसतं, त्यांनी तसं सांगितलंही. पण त्या कोणी वाचल्याच नव्हत्या. त्या हिंदी विभागात पडल्या होत्या. तिथे हिंदी वाचणाऱ्याने उघडल्या असतील आणि काही कळेना म्हणून मिटल्या असतील.

मी शोधायला बसलो. आपांचे लांब लेख जागच्या जागी, मराठीतच होते. फक्त कविता हलल्या होत्या. कविता छोट्या, त्यात अम्मी, दुवा, इबादत, दुपट्टा असे शब्द. साधनाची खात्री कमी पडली. म्हणून दुसरा नियम लागला : लेखकाच्या खात्यातली भाषा. आणि खात्यात काय? हिंदी. आपांनी ते कधीच भरलं नव्हतं. मग मी लेखकांच्या खात्यांची पूर्ण यादी उघडली. शेख, सय्यद, पठाण, खान, मोमीन, सगळ्यांपुढे ओळीने हिंदी. कधीतरी ही खाती एकगठ्ठा तयार केली गेली होती, आणि भरणाऱ्याने आडनाव बघून भाषा भरली होती. पर्यायांत उर्दू नव्हती, म्हणून हिंदी. माझी खात्री आहे, त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर निदान भांडता आलं असतं.

त्या यादीत माझंही नाव होतं. माझ्यापुढेही हिंदी होतं. मी परभणीच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस, आणि प्रोग्राम लिहिताना त्या रकान्यावरून माझी नजर फिरलेली होती. मला ते खटकलंच नव्हतं.

आता यंत्र भाषा कशी ठरवतं ते थोडं तपशिलात सांगतो, कारण आपल्याकडे 'कॉम्प्युटरनेच टाकलं' असं म्हणून विषय संपवायची सवय आहे. कॉम्प्युटर स्वतःहून काही टाकत नाही. कोणीतरी आधी ठरवलेलं असतं.

मजकुराचं व्यवस्थापन करणाऱ्या यंत्रणा बऱ्याच आहेत. वर्डप्रेस सगळ्यांना माहीत आहे. त्यात मुळात प्रत्येक लेखाला वेगळी भाषा नसतेच. अख्ख्या संकेतस्थळाला एक भाषा, आत काहीही असो. लेखागणिक भाषा हवी असेल तर वेगळं जोडसाधन बसवावं लागतं. द्रुपल नावाची दुसरी यंत्रणा आहे, तिच्यात प्रत्येक नोंदीला भाषेचा रकाना असतो. आणि नवी नोंद उघडली की तिथे आधीपासून काय निवडलेलं असावं, यासाठी ती साधारण चार पर्याय देते : संकेतस्थळाची मूळ भाषा, किंवा बटणं-मेन्यू सध्या ज्या भाषेत दिसतायत ती, किंवा लेखकाने आपल्या खात्यात पसंत केलेली, किंवा कायमची ठरवून दिलेली एखादी. नीट ऐका, या चारांपैकी एकही पर्याय मजकुराकडे बघत नाही. चारही मजकुराच्या आजूबाजूला बघतात. ते सोयीसाठी आहेत, त्यांच्यावर निकाल सोपवायचा नसतो. पण आपण सगळे घाईत असतो आणि आधीच भरलेला रकाना कोणी बदलत नाही.

बटणांची भाषा आणि मजकुराची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला परभणीतल्याच एका माणसाच्या उदाहरणाने सांगायला आवडतं. बी. रघुनाथ. सभागृहाचं नाव आपण रोज घेतो. १९१३ साली सातोन्याला जन्मलेला हा कवी-कादंबरीकार निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकून होता. राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू. दिवसभर कचेरीत ती, आणि स्वतःच्या वहीत मराठी. आजच्या यंत्रणेच्या हिशेबाने बघायचं तर त्यांच्या पडद्यावरची बटणं उर्दू होती. बटणांवरून मजकुराची भाषा ठरवणारा प्रोग्राम बी. रघुनाथांना लावला असता तर त्यांची प्रत्येक कविता उर्दू विभागात गेली असती!

मग कोणी म्हणेल, लिपीवरून ठरवा. लिपी तर डोळ्यांना दिसते. इथे मोठी गफलत होते. युनिकोड हे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक आहे. ते लिपीच्या अक्षराला क्रमांक देतं, भाषेला देत नाही. मराठी 'क', हिंदी 'क', नेपाळी 'क', सगळ्यांचा क्रमांक एकच. 'ळ' दिसला तर मराठीचा संशय घ्यायला जागा आहे, 'ॲ' दिसला तर आणखी. हा 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, तोवर लोक कसाबसा जोडून काढत असत. पण ज्या ओळीत ळ नाही, ॲ नाही, 'आहे' नाही, 'आणि' नाही, तिचं काय करायचं? आपल्याच अंकाला शोभेल असं शीर्षक घ्या : 'मुस्लिम समाज, संविधान, न्याय'. सांगा ही कोणती भाषा. मराठी म्हणा, हिंदी म्हणा, दोन्ही बरोबर. यात सांगण्यासारखी खूण एकही नाही. साधन तरीही उत्तर देणार, कारण उत्तर देणं हेच त्याचं काम. फास्टटेक्स्ट नावाचं एक साधन १७६ भाषा ओळखतं. ते अक्षरांच्या छोट्या छोट्या तुकड्यांवरून अंदाज बांधतं आणि सोबत खात्रीचा आकडा देतं. चार परिच्छेद द्या, मराठी-हिंदीत सहसा चुकणार नाही. चार शब्द दिले की ते आपल्यासारखंच चाचपडतं, फक्त चेहऱ्यावर दिसू देत नाही.

शिवाय त्याने 'मराठी' कुठून शिकलं, हाही प्रश्न आहे. शिकवायला वापरलेल्या मराठीत अम्मी किती वेळा आली असेल, आणि आई किती वेळा? दुवा, जनाजा, मेहर, इद्दत हे शब्द मराठी वाक्यात त्याने किती पाहिले असतील? कमीच. म्हणून ते दिसले की त्याचा काटा हिंदीकडे झुकतो. पण अर्ज, तारीख, कागद, वकील, जमीन, हुकूम, बाजार हे दिसले तर झुकत नाही. तेही फारसी-अरबीतूनच आलेले. तहसील कचेरीत उभं राहून पाच मिनिटं शुद्ध देशी मराठी बोलून दाखवा, मी चहा पाजतो. म्हणजे यंत्राचा राग शब्दाच्या मुळावर नाही. काही शब्द मराठी घरात कधीच राहायला आले आणि काही शेजारच्या गल्लीत आहेत, असं त्याला शिकवलं गेलं आहे.

तुम्ही म्हणाल, लागला चुकीचा शिक्का, काय बिघडतं? वाचणारा वाचतोच ना. तर काय बिघडतं ते सांगतो.

पहिलं, ऐकण्याचं. ज्यांना दिसत नाही ते पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. कोणत्या आवाजात वाचायचं हे ते पानावरच्या भाषेच्या खुणेवरून ठरवतं. मराठी लेखावर हिंदीची खूण असेल तर हिंदी आवाज मराठी वाचतो. 'ज्ञान' चं 'ग्यान' होतं. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च आपण वेगळे म्हणतो, तो एकच म्हणतो. 'हे जग सुंदर आहे' आणि 'तू सुखानं जग' यातले दोन ज आपल्याकडे वेगळे, त्याच्याकडे एक. आपल्या एका अंध वाचकाने मला सांगितलं होतं की असा लेख ऐकताना मराठीचं कोणीतरी सोंग आणतंय असं वाटतं. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांत पानाची भाषा सांगणं ही पहिल्या पातळीची अट आहे, आणि पानाच्या आत भाषा बदलली तर त्या तुकड्याची भाषा सांगणं ही दुसऱ्या पातळीची.

दुसरं, दिसण्याचं. मराठी 'ल' आणि हिंदी 'ल', मराठी 'श' आणि हिंदी 'श' यांची वळणं वेगळी आहेत. शाळेत आपण पाकळ्यांचा ल गिरवला. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि पानावर 'मराठी' अशी खूण असेल तरच तो मराठी ल काढतो. खूण नसेल तर हिंदी वळण. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढून ही वळणं ठरवून दिली. पण निर्णय कागदावर आणि खूण रकान्यात. रकाना रिकामा असेल तर शासनाचा ल तिथे पोचत नाही.

तिसरं, शोधण्याचं, आणि आपांच्या बाबतीत हेच नडलं. हिंदीत 'परभणी में', दोन शब्द. मराठीत 'परभणीत', एकच शब्द. परभणीला, परभणीचा, परभणीहून. शाळा, शाळेत, शाळांमधून. मजकूर मराठी आहे हे माहीत असेल तर शोधयंत्राला मराठी पद्धतीने प्रत्यय सोडवायला सांगता येतं. हिंदी समजून सोडवलं तर शाळेतली पोर शाळा शोधत बसते आणि शाळा सापडत नाही. याद्या, संकलनं, 'याच भाषेतले आणखी लेख', ईमेलने जाणारा अंक, सगळं त्या एका रकान्यावरून निघतं. तिथे चुकलेला माणूस हरवतो आणि हरवल्याचं कोणाला कळतही नाही.

आता आडनावाकडे येतो. यावर आपण इथे बोललो नाही तर कुठे बोलणार?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या सुमारे १ कोटी ३० लाख. त्याच जनगणनेत राज्यात मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. वजाबाकी करा. पन्नास लाखांहून जास्त मुसलमानांनी त्या रकान्यात दुसरं काहीतरी सांगितलं आहे, कोणी मराठी, कोणी हिंदी, कोणी आणखी काही. म्हणजे आडनाव बघून भाषा भरणारा माणूस नुसता अन्याय करत नाही, तो गणितातही नापास होतो.

आणि गंमत म्हणजे ही चूक होऊ नये याची सूचना सरकारी कागदावर आहे. जनगणना करणाऱ्यांना जी पुस्तिका देतात तिच्यात मातृभाषेच्या प्रश्नाखाली सांगितलेलं असतं की, माणूस जी भाषा सांगेल तीच लिहायची, ती भाषा आहे की बोली यावर वाद घालायचा नाही, आणि धर्म व मातृभाषा यांचा संबंध जोडू पाहायचा नाही. घरोघर फिरणाऱ्या शिक्षकाला, तलाठ्याला जे बजावून सांगितलं जातं ते आम्ही इंजिनिअर लोकांनी कधी कोणाला विचारलंही नाही. माझ्या तीन नियमांत 'विचारा' हा नियमच नव्हता.

लेखकाच्या नावावरून मजकुराची भाषा ठरवायची म्हटली तर हमीद दलवाईंची 'इंधन' कोणत्या कपाटात ठेवाल? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं काय कराल? उलट बाजूने कृष्ण चंदर आणि राजिंदर सिंग बेदी यांच्या उर्दू कथा कुठे ठेवाल? आणि आपल्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी, ज्यांनी उर्दू शायरी मराठीत आणली, त्यांच्या एकाच पानावर दोन भाषा. अशा पानाला एक खूण पुरत नाही.

इथवर मी 'लेखकाला विचारा' असं म्हणतोय आणि ते सोपं वाटतंय. ते तेवढं सोपं नाही. आपा माझ्याशी फोनवर दखनीत भांडल्या आणि भांडण होतं मराठीसाठी. त्यांची घरची भाषा एक, लिहिण्याची एक, शाळेत शिकवायची एक. म्हणून प्रश्नही नीट विचारायला हवा. 'तुमची भाषा कोणती' असं विचारलं तर उत्तर माणसाचं येईल. आपल्याला हवी आहे या एका मजकुराची भाषा. खात्यात एकदा भरून ठेवायची ती गोष्ट नाही, दर वेळी विचारायची आहे.

आणि दखनी आली की आणखी अडतं. आपण जुन्या बायकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्या देवनागरीत उतरवायचं काम सुरू केलंय. माझ्या खालापासून मी सुरुवात केली. ती सांगते तेव्हा 'मेरेकू आजच होना, कल नक्को' असं बोलते. 'नक्को' म्हणजे आपलं नको. 'आजच' मधला च आपला. 'कायकू' मधला काय आपला. हे वाक्य साधनाला दिलं तर ते हिंदी म्हणतं, कारण त्याच्या १७६ भाषांत दखनी नाहीच. उर्दूचे जाणकार म्हणतील ही उर्दूची बोली. मराठीवाले म्हणतील, अर्धी तर आमची आहे. मी खालाला विचारलं, "खाला, ये कौनसी जबान है?" ती म्हणाली, "अपनी." आता हे रकान्यात कसं भरणार!

पण भरता येतं. भाषांना तीन अक्षरी संकेत देणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात 'डेक्कन' या नावाने या भाषेला स्वतंत्र संकेत आहे, डीसीसी. म्हणजे जगाच्या यादीत खालाला जागा आहे, आमच्या ड्रॉपडाउनमध्ये नव्हती. यादी आम्ही आखूड केली होती.

भाषा आणि लिपी वेगवेगळ्या नोंदवायची सोयही आहे. भाषेचा संकेत, मधे छोटी रेघ आणि मग लिपीचा चार अक्षरी संकेत. देवनागरीचा संकेत वाचला तर 'देवा' असा होतो. म्हणजे देवनागरीत लिहिलेल्या उर्दू गजलेची खूण : यूआर-देवा. आमचे एक ज्येष्ठ साथी हे ऐकून म्हणाले, उर्दूला शेवटी देव पावला. रोमन अक्षरांत टाइप केलेली मराठी, जी आपण सगळे व्हॉट्सॲपवर लिहितो, तिलाही अशी खूण देता येते. मोडीतल्या मराठीलाही.

मोडीवरून आठवलं. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला, आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधले निजामकालीन कागद बाहेर निघाले. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली. आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही. मला त्यातला फक्त यादीचा भाग बघायचा आहे. मोडी ही लिपी आहे, कागदाची भाषा मराठी. यादीत 'भाषा : मोडी' असं लिहिलं की मराठी कागद शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. उजवीकडून डावीकडे लिहिलेला दुसरा कागद लांबून उर्दू दिसतो, पण तो फारसीही असू शकतो. उर्दूत ट, ड, ड़ या उच्चारांसाठी अक्षराच्या डोक्यावर बारीक खूण असते, फारसीत ते उच्चारच नाहीत. एवढ्या बारीक खुणेवर ठरतं की वाचायला कोणाला बोलवायचं. ज्याच्या आजोबाचं नाव त्या कागदात आहे त्याला हा तांत्रिक मुद्दा वाटत नाही.

बरं, आता आपल्या साइटवर मी काय बदललंय ते.

भाषेचा रकाना आता रिकामा उघडतो. आधीपासून काहीच निवडलेलं नसतं. तो भरल्याशिवाय मजकूर पुढे जात नाही. दोन जणांनी माझ्याकडे तक्रार केली आहे की दर वेळी एक टिचकी जास्त मारावी लागते. मारा. रकान्याशेजारी प्रश्न लिहिलाय : 'हा मजकूर कोणत्या भाषेत आहे?' लिपी वेगळी विचारतो. यादीत दखनी आहे, उर्दू आहे, आणि तिथे नसलेलं नाव लिहायला मोकळी जागा आहे. ओळखणारं साधन मी काढून टाकलेलं नाही, ते बाजूला बसून सुचवतं : 'हे मराठी वाटतंय, बरोबर का?' तुम्ही वेगळं निवडलं तर ते गप्प बसतं. लेखकाच्या खात्यातला भाषेचा रकाना मात्र मी पुसला, पूर्ण.

लेखात मधे शेर आला किंवा खालाचं वाक्य आलं तर तेवढा भाग निवडून त्याला वेगळी खूण देता येते. उर्दू लिपीतला शेर असेल तर हे विसरू नका. खूण नसली की नस्तालीक जाऊन कसलंतरी सरळसोट अक्षर येतं आणि ओळीच्या शेवटचं चिन्ह उडी मारून भलत्या टोकाला जातं. दिशा आणि भाषा या दोन वेगळ्या खुणा आहेत, दोन्ही लागतात. बटण मी दाखवीन.

आणि यादीत शेवटी आणखी तीन पर्याय आहेत. ते मी शोधलेले नाहीत, भाषासंकेतांच्या मानकातलेच आहेत, पण आपल्याकडे कोणी वापरत नाही. एक : 'अनेक भाषा'. दुसरा : 'भाषा नाही'. म्हणजे नुसता फोटो, नकाशा, शब्दांविना वाजवलेली सनई. तिसरा : 'ठरलेली नाही'. हा तिसरा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. उरुसात मिठाईवाल्याची पाटी असते, 'बर्फी, जिलेबी, गुलाबजाम'. तिच्या फोटोखाली मी डोळे मिटून 'ठरलेली नाही' लिहीन. माझ्या जुन्या प्रोग्रामला हे म्हणायची मुभा असती तर आपांच्या कविता कोणीतरी वाचेपर्यंत थांबल्या असत्या, हिंदीत गेल्या नसत्या. मीच ती मुभा दिली नव्हती, कारण अहवालात रिकामे रकाने दिसले की ग्राहक विचारतो, काम अर्धवट का आहे.

त्या ग्राहकाचं पुढे काय झालं, हे काल एकाने विचारलं. आपांच्या कविता मी त्याच रात्री मराठीत आणल्या. संकलन मात्र छापायला गेलेलं होतं. लेखकांच्या खात्यांबद्दल मी लेखी कळवलं, त्यांनी ते दुरुस्त केलं की नाही हे मला बघता येत नाही, कारण ते काम आता माझ्याकडे नाही. आपांनी त्यानंतर त्यांच्याकडे काही पाठवलेलं नाही, एवढं मला माहीत आहे. आपल्याकडे मात्र त्यांनी गेल्या महिन्यात एक लेख पाठवला. वर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं : 'भाषा मराठी. तिसऱ्या परिच्छेदात अम्मी बोलते ती दखनी. शिक्के नीट मार.'

आता काम. आपल्या जुन्या अंकांतल्या त्रेचाळीस नोंदी मी 'ठरलेली नाही' मध्ये टाकल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच तुमच्यापैकीच कोणाच्या तरी आहेत. काही चार ओळींच्या आहेत, सहांचे लेखक हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांना विचारावं लागेल. एक पत्र मोडीत आहे, ते गंगाखेडहून आलंय आणि मला वाचता येत नाही. मी प्रिंट काढून आणल्यात. जेवण झालं की त्या मागच्या टेबलावर ठेवतो. आपली नोंद दिसली तर पेनाने वर भाषा लिहा. दुसऱ्याची असेल तर लिहू नका, त्याला फोन लावा.